सहा माणसांची ऊब

कारखान्यात तिला सगळे नॅनोबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. मोजणी विभागाची ती प्रमुख. भिंगं, आरसे, काचेचे लोलक, जे जे म्हणून त्या इमारतीतून बाहेर पडायचं ते आधी तिच्या टेबलावर यायचं आणि तिच्या सहीचा दाखला घेऊनच पुढे जायचं. एकवीस वर्षांत दाखल्यावरचा एक आकडा तिनं कोणाच्या सांगण्यावरून बदलला नव्हता. मोठमोठे लोक येऊन गोड बोलून गेले, डोळे वटारून गेले. बाई चष्मा नाकावर सरकवायच्या आणि म्हणायच्या, "मशीनला सांगा. मी फक्त लिहिते." शिंप्याकडे जातानाही त्या पर्समध्ये पट्टी नेतात आणि त्यांना बघून शिंपी मागच्या दारानं सटकतो, असं लोक सांगत. ते खोटं होतं, पण खरं वाटण्यासारखं होतं.

तर अशा या बाईच्या मनात अकरा वर्षं एक माणूस सलत होता. तो माणूस म्हणजे तिचा थोरला दीर. कारखान्याचे मोठे साहेब तेच.

या कारखान्यात एके काळी ग्रेटिंग बनायची. ग्रेटिंग म्हणजे तळहाताएवढी काच, तिच्यावर सोन्याचा पातळ थर आणि त्या थरावर हिऱ्याच्या टोकानं ओढलेल्या रेघा. एका मिलिमीटरमध्ये बाराशे. त्यांच्यावर अगदी तिरपा एक्स-रे सोडला की तो आपापल्या जातीप्रमाणे फाकतो, आणि कुठल्या पदार्थात कोण लपलंय ते शास्त्रज्ञांना वाचता येतं. पण रेघा सारख्या अंतरावर हव्यात. जरा पाऊल चुकलं की पडद्यावर नसलेल्याच वस्तूंची भुतं नाचायला लागतात.

रेघा ओढणारं मशीन तळघरात होतं आणि ते चालवणारा माणूस म्हणजे बाईंचा नवरा. त्याला सगळे उस्ताद म्हणत, आणि ते मात्र तोंडावर. मशीन मिनिटाला बारा रेघा ओढायचं. मोठ्या काचेवर एक लाख ऐंशी हजार रेघा, म्हणजे दहा दिवस आणि वर दहा तास, न थांबता. या काळात खोलीचं दार उघडायचं नाही. माणूस म्हणजे शंभर वॅटचा चालताबोलता दिवा. तो आत आला की हवा तापते, हवा तापली की मशीनचा मोठा स्क्रू केसाच्या दहा हजाराव्या भागाएवढा फुगतो, आणि तेवढ्यावर सगळी मेहनत पाण्यात जाते. म्हणून दाराला एकच कुलूप, आणि त्याची किल्ली उस्तादाच्या गळ्यात.

अकरा वर्षांपूर्वी एका एक्स-रे प्रयोगशाळेनं त्यांच्याकडून सगळ्यात मोठी ग्रेटिंग मागवली होती. काच घासून सपाट करायलाच वर्ष गेलं होतं. सोमवारी सकाळी आठला हिरा काचेवर टेकला. अकराव्या दिवशी काच बाहेर काढली तर मधोमध बिघडलेली. प्रयोगशाळेनं काम काढून घेतलं, आणि चौकशी समिती बसली. समिती म्हणजे मोठे साहेब, त्यांचा एक होयबा आणि तीन कप चहा. खोलीच्या तापमानाचा त्या आठवड्याचा कागद सापडला नाही. उस्तादाला विचारलं तर तो म्हणाला, "दार माझ्या ताब्यात होतं. चूक माझी."

एवढंच बोलला तो. मोठ्या साहेबांनी सख्ख्या धाकट्या भावाला हाकललं, आणि हाकलताना डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. लोक म्हणाले, काय न्यायी माणूस! भाऊ म्हणून गय केली नाही! आणखी दोन कारखान्यांनी उस्तादाला दारातूनच वाटेला लावलं, कारण साहेबांचं पत्र त्याच्या आधी पोचलेलं होतं. तेव्हापासून ज्या हातांनी एक्स-रेला वाट दाखवली, ते हात घराच्या पुढच्या खोलीत बसून शेजाऱ्यांच्या घड्याळांचे पट्टे बदलत होते.

आपला नवरा मशीन चालू असताना दार उघडेल यावर बाईंचा एक क्षणही विश्वास बसला नाही. हा भावाला पाठीशी घालतोय हे तिनं त्याच दिवशी ओळखलं, आणि पुढे मोठ्या साहेबांच्या ड्रायव्हरनं नोकरी सोडताना तिच्या कानात सांगितलं तेव्हा तर खात्रीच पटली. त्या शनिवारी म्हणे साहेबांनी घरचे पाहुणे गाडीतून आणले होते आणि मागच्या फाटकातून आत नेले होते. साहेबांच्या मुलीची सोयरीक तेव्हा नुकतीच ठरत होती.

पण ड्रायव्हरच्या सांगण्याला कोण विचारतो? आकडा हवा. बाई थांबल्या. त्या दिराच्या हाताखाली रोज कामाला गेल्या, कचेरीत त्याला "सर" म्हणाल्या, घरी "भाऊजी" म्हणाल्या, जावेच्या हातचं जेवल्या आणि दात ओठ खात घरी आल्या. तिला दिराचं वाटोळं झालेलं हवं होतं. हे ती देवापुढे उभं राहूनसुद्धा स्पष्ट बोलायची, आडपडदा नव्हता.

दोन वर्षांपूर्वी मोजणी विभागात नवं यंत्र आलं. ते लेसरनं ग्रेटिंगची एकेक रेघ तपासायचं आणि कुठली रेघ आपल्या जागेपासून किती हलली ते सांगायचं. खोकं फोडताना सगळे किंमत विचारत होते. बाईंच्या डोक्यात मात्र लख्ख प्रकाश पडला. मशीन मिनिटाला बारा रेघा ओढतं, एक कमी नाही की एक जास्त नाही. मग ती बिघडलेली काच म्हणजे रोजनिशीच की! कितवी रेघ हलली ते कळलं की किती वाजले होते तेही कळलं.

आणि ती काच होती कुठे? मोठ्या साहेबांच्या दिवाणखान्यात, काचेच्या कपाटात, बाहुल्या आणि करंडकांच्या मधे. सकाळचं ऊन पडलं की भिंतीवर सात रंग उठायचे म्हणून जावेनं ती शोभेला ठेवली होती. नवऱ्याच्या कपाळीचा डाग त्या घरात शोभेची वस्तू झाला होता, आणि प्रत्येक वेळी चहा पिताना बाईंना त्याच्यासमोर बसावं लागायचं.

"जाऊबाई, किती धूळ बसलीय हिच्यावर," त्या एका रविवारी म्हणाल्या. "आमच्याकडे पुसायचं औषध असतं. नेऊ का?"

"ने गं, ने. मला तर हात लावायची भीती वाटते," जाऊ म्हणाली आणि स्वतःच्या हातानं वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. साधी बाई ती. पुढे दोन वर्षं तिनं काच परत मागितली नाही, उलट त्या जागी एक नवा करंडक बसला.

पहिल्याच मोजणीत सापडलं. अठ्ठ्याऐंशी हजार आठशेव्या रेघेवर धक्का, म्हणजे दार उघडलं. पुढे एकशेबत्तीस रेघांनी दुसरा धक्का, म्हणजे दार मिटलं. बाईंनी कागदावर भागाकार केला. सोमवारी सकाळी आठपासून सात हजार चारशे मिनिटं. शनिवार, अकरा वाजून वीस मिनिटं. आत कोणीतरी अकरा मिनिटं होतं. त्यांनी जुनं हजेरीपुस्तक काढलं, बोट फिरवत त्या शनिवारवर आणलं. उस्तादाची स्वच्छ सही होती: अकरा वाजता जेवायला बाहेर, बारा वाजता परत.

बाई खुर्चीत बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. इतक्या हसल्या की शेजारच्या टेबलावरच्या बाईनं पाणी आणून दिलं.

पण त्या नॅनोबाई होत्या. वेळ सापडली, आता माणसं हवी होती. दार मिटल्यानंतर स्क्रू हळूहळू फुगत गेला होता आणि मग ओसरला होता. रेघा सगळ्यात जास्त हलल्या तिथे आकडा होता बेचाळीस नॅनोमीटर. बेचाळीस म्हणजे किती माणसांची ऊब? हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. मग बाईंनी चाचणीची परवानगी काढली. मशीन तसंही आता बहुतेक वेळा झाकूनच असायचं. साध्या काचांवर रेघा ओढायला लावून त्यांनी दार उघडायचं, एक माणूस आत उभा करायचा, अकरा मिनिटांनी बाहेर काढायचा आणि काच मोजायची. मग दोन माणसं, मग तीन. कँटीनवाला, पहारेकरी, टंकलेखक, जो सापडेल तो आत. "बाई, आम्ही अंडी आहोत का उबवायला?" असं कँटीनवाल्यानं विचारलं. हिशेबनीस पोटानं भरभक्कम होता. तो एकटा आत गेला तर आकडा साडेआठ आला, आणि पुढे वर्षभर त्याला सगळे सव्वाबुवा म्हणत. बाकी सगळे सरासरीनं सात. माणशी सात. पाच जण घातले तर पस्तीस, सहा घातले तर बेचाळीस. बाईंनी सहा सहा वेळा करून पाहिलं आणि प्रत्येक वेळी तेच आलं.

सहा माणसं. एक दीर आणि पाच पाहुणे, असा बाईंनी हिशेब जुळवला.

आता वेळेचं बघा. मोठ्या साहेबांचं नाव मोजमाप मंडळाच्या अध्यक्षपदासाठी गेलं होतं. देशभरातल्या तराजूंवर, पट्ट्यांवर, यंत्रांवर ज्यांचा शेवटचा शब्द, ते मंडळ. सोमवारी फाईल बंद होणार होती, आणि त्या फाईलला कारखान्याच्या प्रत्येक कामाचा मोजणी दाखला जोडायचा होता. नियमात एक ओळ होती, ती बाईंना तोंडपाठ होती: बिघडलेल्या कामालाही दाखला लागतो. त्या ग्रेटिंगचा दाखला कधी निघालाच नव्हता. बाईंनी तो लिहायला घेतला. वेळ, रेघांचे क्रमांक, आलेख, आतली माणसं सहा, हजेरीपुस्तकाची नक्कल, मागच्या फाटकाच्या नोंदवहीत साहेबांच्या गाडीची ओळ. फक्त सही राहिली होती. ती त्यांनी मुद्दाम बाकी ठेवली. सूड नुसता घेऊन भागत नाही. ज्याच्यावर घ्यायचा त्याचं तोंड बघायला मिळालं पाहिजे.

रविवारी सकाळी दहा वाजता त्या दिराच्या घरी गेल्या.

दिवाणखान्यात खुर्च्यांची हलवाहलव चालली होती, कारण अध्यक्ष झाल्यावर भेटायला येणाऱ्यांना बसायला जागा हवी. मोठे साहेब बनियनवर उभे राहून कुठली खुर्ची कुठे ते सांगत होते. भावजय दिसली तशी त्यांनी सदरा अंगात घातला.

"ये ये. धाकटा नाही आला?"

"त्यांना घड्याळं आहेत," बाई म्हणाल्या. "भाऊजी, जरा हे वाचा. उद्या मंडळाकडे जायचंय."

साहेबांनी चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता. वाचायला लागले. ते मुळात हुशार होते, आलेख पाहिला तेव्हाच त्यांना कळलं. तोंडावरचा रंग उतरत गेला तो बाईंनी चवीनं पाहिला. अकरा वर्षं ज्याच्यासाठी थांबल्या तो क्षण हाच, आणि तो त्यांना हवा होता तितका गोड लागला.

"हे... एवढं दिसतं का त्याच्यात?" साहेबांनी हळूच विचारलं.

"एवढंच नाही, दाराची कडी किती जोरात आपटली तेही दिसतं. शनिवार, अकरा वीस. हे जेवायला गेले होते, सही आहे. आणि तुम्ही माणसं घेऊन आत शिरलात. आपल्या भावाच्या पोटावर पाय दिलात, वर रडलात. मी तुमचं रडणं अजून विसरले नाही, भाऊजी."

जाऊ ट्रे घेऊन दारात उभी राहिली. "काय झालं?"

"काही नाही," साहेब म्हणाले. मग खुर्चीवर बसले, कागद गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाले, "बरोबर आहे. मी नेलं होतं. व्याह्यांना मशीन बघायचं होतं. दोन मिनिटं म्हणून गेलो."

"अकरा."

"अकरा. लपवलं, ही माझी चूक. कागद मीच फाडला. आता पाठवायचं तर पाठव." ते पुन्हा कागदाकडे बघायला लागले. बघता बघता त्यांची भुवई वर चढली. "पण हे सहा कुठून आणलंस? आम्ही पाच होतो."

"सहा," बाई म्हणाल्या.

"अगं, पाच. व्याही, विहीणबाई, जावई, जावयाचा मामा आणि मी. मोज."

"मोजलंय. बेचाळीस आहे. पाचाला पस्तीस येतात. एखादा जाडा असेल तर फार तर साडेछत्तीस."

"जाडं कोण होतं त्यांच्यात?" जाऊ ट्रे ठेवत भाबडेपणानं म्हणाली. "सगळे नुसते काडीपैलवान. विहीणबाई तर आता कुठे जरा भरल्यात."

मग साहेबांनी चष्मा काढला. इतकी वर्षं हा माणूस बाईंनी वरून खाली बघणारा पाहिला होता. आता पहिल्यांदाच तो समोर बघत होता.

"नेमकं मोजतेस तू, चुकत नाहीस," ते म्हणाले. "मग सहावा कोण, ते तुझं तू बघ. त्या दाराला किल्ली एकच होती. माझ्याकडे कधीच नव्हती."

"तुम्ही त्यांच्या गळ्यातून..."

"जाग्या माणसाच्या गळ्यातून? घरी जा आणि विचार. पाठवायचं तर खुशाल पाठव, मी अडवत नाही. पण सहा ठेवलेस तर उद्या पहिला प्रश्न तोच निघेल. आज लोक म्हणतात, उस्ताद चुकला. मग म्हणतील, उस्ताद खोटारडा. जेवायला गेलो अशी सही केली आणि आत पाहुण्यांना मशीन दाखवत उभा होता." त्यांनी कागद परत दिला. "चहा घे. गार होतोय."

बाईंनी चहा घेतला नाही.

घर पायी पंधरा मिनिटांवर. बाई चालत होत्या आणि त्यांचं डोकं त्यांच्याही पुढे धावत होतं. काय कठीण होतं? सहाचे पाच करायचे. बेचाळीसचे पस्तीस करायचे. आलेखाची रेघ एका बोटानं खाली ओढली की काम झालं. पाच लिहिलं की दीर पुरता बुडाला, आणि नवरा जेवायला गेलेला तो गेलेलाच. दीर ओरडून सांगेल, सहावा होता म्हणून? सांगू दे. ज्यानं कागद फाडला त्याच्यावर कोण विश्वास ठेवतो? आणि नॅनोबाईंचा आकडा पडताळून बघायची हिंमत देशात कोणाची होती? एकवीस वर्षांची सगळी इभ्रत आज कामाला येणार होती. बाईंनी मनातल्या मनात पाचाचा आकडा काढला. नीट जमला. कोपऱ्यावर फळवाल्यानं नमस्कार केला तोही त्यांना दिसला नाही. घराच्या पायऱ्या चढेपर्यंत त्यांचं ठरलं होतं. दिराचं वाटोळं व्हायलाच हवं, आणि त्यासाठी एक आकडा खोटा लिहावा लागला तर तोही त्याच्याच पापाच्या खात्यावर.

उस्ताद पुढच्या खोलीत होता. डोळ्याला भिंग लावून एका लहानशा घड्याळाच्या पोटात बघत होता. बाई आत आल्या, टेबलावर कागद ठेवला, पेन उघडलं.

"दादाकडे गेली होतीस?" त्यानं मान न उचलता विचारलं.

"हो."

"त्या काचेसाठी?"

बाई थबकल्या. काच घरी आणली नव्हती, चाचण्यांचं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

"कँटीनवाला घड्याळ घेऊन आला होता," उस्ताद म्हणाला. "सांगत होता, बाई आम्हाला तळघरात उबवतात. मग मला काय कळायचं राहिलं?" त्यानं भिंग काढलं. "किती आले?"

बाई पेनाचं टोपण फिरवत राहिल्या.

"माणसं किती आली, विचारतोय."

"पाच," बाई म्हणाल्या.

उस्तादानं त्यांच्याकडे बघितलं आणि मान हलवली. "मग तुझं यंत्र भंगारात टाक. मी होतो ना तिथे."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"मी पहिल्या दिवशी सांगितलं, चूक माझी," तो म्हणाला. "त्यांना सांगितलं, तुलाही सांगितलं. तू म्हणालीस, भावासाठी मरतोय. मी म्हटलं, तसं नाही, तर म्हणालीस, किती मोठं मन आहे तुमचं. मग मी बोलायचं सोडलं. एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाला काय बोलता येतं?"

"भाऊजींनी जबरदस्ती केली असेल."

"दादानं विचारलं. जेवणाच्या खोलीत आला, म्हणाला, पाहुणे आलेत, दोन मिनिटं दाखव. मी तीनदा नाही म्हटलं. मग तो म्हणाला, जाऊ दे, राहिलं. आणि निघालासुद्धा." उस्ताद घड्याळाच्या चाकाकडे बघत होता. "मीच उठलो. मागून हाक मारली."

"का?"

"कारण कोणी बघितलंच नव्हतं गं. वीस वर्षं मी ते मशीन चालवलं. लोकांनी काचा बघितल्या, दाखले बघितले. हिरा सोन्यावरून चालतो, टोकाशी एवढीशी ठिणगी असल्यासारखा उजेड दिसतो, तो कोणाला कधी दिसला? दार बंदच असायचं. मला वाटलं, एकदा दाखवावं. विहीणबाईंनी तर टाळ्या वाजवल्या." तो जरासा हसला, लाजल्यासारखा. "दादानं लपवलं ते वाईट केलं. पत्रं पाठवली ती त्याहून वाईट. पण दार मी उघडलं. मला दाखवायचं होतं म्हणून उघडलं."

बाई उभ्या राहिल्या. आधी त्यांना वाटलं की आपल्याला रडू येतंय. पण ते रडू नव्हतं. पोटातून काहीतरी वर चढत आलं आणि तोंडातून बाहेर पडलं तेव्हा पुढच्या खोलीतली सगळी घड्याळं हादरली.

"आणि मला?" त्या ओरडल्या. "मला दाखवलंत कधी? एकाच इमारतीत, एका जिन्याच्या अंतरावर दहा वर्षं बसले मी! एकदा म्हटलं होतं, एकदा तरी बघू द्या, तर काय म्हणालात? तुझ्या श्वासानं स्क्रू फुगेल म्हणालात! माझ्या श्वासानं! आणि त्या विहिणीच्या टाळ्यांनी नाही फुगला? त्या मामाला दाखवलंत! मामाला! कोण लागतो तो आपला?"

"अगं, हळू..."

"हळू नाही! अकरा वर्षं हळूच बोलले! तुम्हाला लागेल म्हणून, तुम्ही खचाल म्हणून. घरात भांडं पडू दिलं नाही. तुमच्यासाठी त्या माणसाच्या घरी जाऊन हसले, चहा प्यायले, जिवाचं रान केलं, कँटीनवाल्याच्या शिव्या खाल्ल्या. आणि तुम्ही! दार उघडलंत! बाहेरच्या चार काडीपैलवानांना दाखवायला!"

वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. कोणीतरी डोकावलं. बाईंना फिकीर नव्हती. त्यांनी मशीनपासून सुरुवात केली, मग सोयरिकीवर आल्या, मग त्याच्या मुखदुर्बळपणावर, मग लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यानं विसरलेल्या एका वाढदिवसावर, आणि तिथून परत मामावर. उस्ताद मान खाली घालून ऐकत होता. त्याला अकरा वर्षांत कोणी रागावलं नव्हतं. लोकांनी त्याची कीव केली होती, बायकोनं त्याला काचेसारखं पुसून कपाटात ठेवलं होतं. आता त्याची कानशिलं लाल झाली होती. तो खरोखरचा ओशाळला होता आणि खरोखरच सुटल्यासारखा दिसत होता.

शेवटी बाईंचा दम संपला. त्या खुर्चीत बसल्या, कागद ओढला. आत असलेल्या व्यक्ती, सहा: तो आकडा त्यांनी तसाच ठेवला. त्याखाली एकेकाचं नातं आणि हुद्दा लिहिला. पहिल्या ओळीत मोठे साहेब, पाहुणे आणणारे, कागद फाडणारे. शेवटच्या ओळीत मशीनचालक, दार उघडणारे. मग सही केली, तारीख घातली.

"हे वाचून उद्या तुम्हाला लोक खोटारडे म्हणतील," त्या म्हणाल्या.

"म्हणू दे. जेवायला गेलो ही सही खोटी होतीच," उस्ताद म्हणाला. "दादाचं काय?"

"त्यांची फाईल उद्याच बंद होते. कायमची." हे बोलताना बाईंना अजूनही बरं वाटलं. ते त्यांनी लपवलं नाही.

मग त्यानं घाबरत घाबरत विचारलं, "जेवायला वाढतेस?"

"तुमचं तुम्ही घ्या," बाई म्हणाल्या. "मी रागावलेय. आणि हे काही अकरा मिनिटांत जाणार नाही."